आराखड्यावरून जहाज : सातव्या इयत्तेसाठी हस्तकलेचा एक पाठ

शिडाच्या लढाऊ जहाजाची लाकडी प्रतिकृती आराखड्यावरून कशी घडवावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना जहाज कशासाठी करावयास लावावे, अशी शंका काही शिक्षकबंधुभगिनींच्या मनात येईल, आणि ती रास्तच आहे. बैलगाडी, पाळणा, देव्हारा ह्या वस्तू आपल्या मुलांच्या नित्य परिचयाच्या आहेत. त्या सोडून इतक्या दूर का जावे?

ह्याचे उत्तर असे की, येथे परिचय हीच अडचण होऊन बसते. ओळखीची वस्तू मूल आठवणीने घडविते. गाडीचा आराखडा समोर मांडला, तरी त्याकडे ते एकदा पाहील आणि मग आपल्या आळीतील गाडी डोळ्यांपुढे आणून काम पुरे करील. हातातील कौशल्य त्यामुळे वाढेल, पण कागद वाचण्याचे वळण लागणार नाही. जहाजाच्या बाबतीत ही पळवाट बंद आहे. शिवाय गाडी सरळ रेषा आणि वर्तुळे यांची बनलेली असते. जहाजाच्या अंगाला मात्र सरळ असे पृष्ठ जवळजवळ नाहीच. त्याचा फुगवटा प्रत्येक वितीवर बदलतो. हा आकार शब्दांत सांगता येत नाही, एका चित्रातही पुरता उतरत नाही. तीन चित्रे मिळूनच तो व्यक्त करावा लागतो. ती तीन चित्रे एकत्र वाचता येणे, हाच ह्या पाठाचा हेतू होय. जहाज हे निमित्त समजावे.

हा हेतू किरकोळ नाही. आपल्या शाळांतून मुले महाराष्ट्राचा नकाशा सुबक काढतात, रंगवितात, त्यात नद्या निळ्या शाईने दाखवितात, परंतु समोच्चदर्शक रेषांच्या नकाशावर बोट ठेवून “येथे ओढा असेल तर पाणी कोणीकडे वाहील?” असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. विज्ञानाच्या पुस्तकातील छेदचित्राचीही हीच गत. आकृती ही उतरवून घेण्याची वस्तू आहे, वाचण्याची नव्हे, अशी मुलांची समजूत झालेली असते, आणि ती आपणच करून दिलेली आहे. हीच मुले पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा कारखान्यात जातात तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्या हाती आराखडा पडतो. ज्याला तो वाचता येतो तो कारागीर होतो. ज्याला येत नाही तो उचल-ठेव करीत राहतो. सुताराच्या घरचा मुलगा वर्गात मागे बसतो. त्याच्या हाताला लाकूड कळते, पण कागद हा आपला नव्हे असे त्याला वाटते. पुढे बसणाऱ्या हुशार मुलीला कागद कळतो, पण पटाशी कशी धरावी हे तिला कोणी दाखविलेले नसते. ह्या दोघांना एका बाकावर आणणारे काम हस्तकलेच्या तासाला मिळाले, तर ते सोडू नये.

जहाज कोणते घ्यावे?

कल्पनेतील जहाज घेऊ नये. ज्याचा आराखडा खरोखर अस्तित्वात आहे आणि जे त्याच आराखड्यावरून खरोखर बांधले गेले, असे जहाज घ्यावे. ह्या पाठासाठी ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज निवडले आहे. ते मुंबईच्या गोदीत, सागवानी लाकडात, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधले गेले आणि दि. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरविण्यात आले. फ्रिगेट म्हणजे एका पूर्ण तोफमजल्याचे, तीन डोलकाठ्यांचे, चपळ लढाऊ जहाज. ‘ट्रिंकोमाली’ त्या जातीचे आहे. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे असून त्याच्या मूळ सागवानाचा मोठा भाग शाबूत आहे. मध्यंतरी जवळजवळ नव्वद वर्षे, १९८६ पर्यंत, त्याचा उपयोग मुलांच्या शिक्षणासाठी होत होता, ही गोष्ट शिक्षकांस विशेष वाटेल.

ह्या जहाजाच्या आराखड्याची कथा वर्गात अवश्य सांगावी, कारण आराखडा म्हणजे काय हे तिच्याइतके स्पष्टपणे कशानेच समजणार नाही. फ्रान्समध्ये झाक-नोएल साने नावाच्या अभियंत्याने ‘एबे’ नावाचे एक फ्रिगेट रचले. १७८२ साली इंग्रजांनी ते लढाईत पकडले. चालीला ते इतके उत्तम निघाले की, इंग्रजांनी त्याच्या अंगाची मापे घेऊन ती कागदावर उतरविली. त्या कागदावरून १८०० साली ‘लेडा’ नावाचे जहाज तयार झाले व पुढे त्याच घाटाची अनेक जहाजे निघाली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये जहाजाजोग्या ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा त्याच घाटाचे जहाज मुंबईस सागवानात बांधून घेण्याचे १८१२ साली ठरले. आराखडा ‘जावा’ नावाच्या लढाऊ जहाजावरून मुंबईस रवाना झाला. दि. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे त्या जहाजाची गाठ ‘कॉन्स्टिट्यूशन’ ह्या अमेरिकन जहाजाशी पडली. ‘जावा’ पराभूत झाले आणि अमेरिकनांनी ते जाळून टाकले. मुंबईत लाकूड होते, कसबी हात होते, कारखाना होता. कागद मात्र नव्हता. आराखड्याची दुसरी प्रत काढून पाठवावी लागली. एप्रिल १८१६ मध्ये कणा बसविला गेला. पारशी प्रथेप्रमाणे त्यात एक चांदीचा खिळा ठोकण्यात आला. दीड वर्षाने जहाज उभे राहिले.

फ्रान्समधील एका माणसाच्या मनात आलेला आकार शत्रूच्या हाती गेला, कागदावर चढला, तो कागद पोहोचेपर्यंत काम थांबले, आणि अखेर ज्यांनी मूळ जहाज कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते अशा मुंबईच्या सुतारांनी तोच आकार हजारो कोसांवर सागवानात उतरविला. हे ऐकल्यावर आपल्या मुलांना आराखड्याकडे पाहण्याची दृष्टी निराळी येते, असा अनुभव आहे.

इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट झाकून ठेवू नये. हे जहाज परसत्तेचे होते. ते मुंबईत पाण्यात उतरले त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली आणि पुढील वर्षी पेशवाई संपली. मुले विचारतील, आपल्या माणसांनी त्यांची जहाजे का बांधून दिली? प्रश्न टाळू नये. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांपासून ह्या घराण्याने आणि त्याच्या हाताखालील कारागिरांनी एक विद्या सांभाळली. तिचा धनी कोण होता आणि लाभ कोणाला झाला, हा विचार वर्गाने मोकळेपणाने करावा.

सागवानाबद्दल दोन शब्द. ओकच्या लाकडातील तुरट अम्लाने लोखंडी खिळे खातात. सागवानाच्या अंगी तेल असते, त्याने लोखंड सुरक्षित राहते व वाळवीही सहसा लागत नाही. सुताराच्या मुलास हे घरूनच ठाऊक असते. त्याला वर्गापुढे सांगू द्यावे.

तीन चित्रे, एक वस्तू

आराखडा दाखविण्यापूर्वी बाजारातून तीन लहान दुधी भोपळे आणावेत, शक्य तितके सारख्या आकाराचे आणि एका टोकाला बारीक होत गेलेले. पहिला भोपळा पाटावर आडवा ठेवून देठापासून बुडापर्यंत उभा मधोमध चिरावा. जी कड दिसते ती बाजूने दिसणाऱ्या आकाराची. जहाजाच्या आराखड्यातील पहिले चित्र हे होय. दुसऱ्या भोपळ्याच्या पाटाला समांतर अशा आडव्या चकत्या काढाव्यात. प्रत्येक चकतीची कड कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवावी, म्हणजे एकात एक अशा रेषा मिळतात. हे दुसरे चित्र, वरून पाहिल्याप्रमाणे. जहाजाच्या दोन्ही कुशी सारख्या असल्यामुळे येथे केवळ अर्धीच रुंदी काढण्याची रीत आहे. तिसरा भोपळा आपण भाजीसाठी चिरतो तसा आडवा, गोल फोडींत चिरावा. त्या फोडींच्या कडा म्हणजे तिसरे चित्र, समोरून पाहिल्याप्रमाणे.

तिसऱ्या चित्रापाशी मुले हमखास गोंधळतात. त्यात मधल्या उभ्या रेषेच्या एका बाजूस जहाजाच्या पुढील भागाचे अर्धे छेद असतात व दुसऱ्या बाजूस मागील भागाचे. त्यामुळे जहाज वाकडे आहे की काय, असे वाटते. कागद वाचविण्याची ही जुनी युक्ती आहे, एवढे सांगून भोपळ्याच्या फोडी निम्म्या-निम्म्या करून तशाच मांडून दाखवाव्यात.

यानंतर एकच खेळ तीन दिवस खेळावा. पहिल्या चित्रावर शिक्षकाने एक बिंदू दाखवावा आणि विचारावे, “हाच बिंदू दुसऱ्या चित्रात कोठे? तिसऱ्यात कोठे?” पहिल्या चित्रावरून लांबी व उंची कळते, दुसऱ्यावरून लांबी व रुंदी, तिसऱ्यावरून रुंदी व उंची, म्हणून कोणतीही दोन चित्रे दिली तर तिसऱ्यातील स्थान निघालेच पाहिजे. ज्या दिवशी एखादे मूल शिक्षकांस सांगेल की, तुम्ही फळ्यावर काढलेले तिसरे चित्र पहिल्याशी जुळत नाही, त्या दिवशी पाठाचा निम्मा भाग झाला असे समजावे. पाहिजे तर एखादे चित्र मुद्दाम चुकीचे काढून ठेवावे. भूगोलाच्या शिक्षकांनी ह्याच वेळी आडव्या चकत्यांच्या रेषा व डोंगराच्या समोच्चदर्शक रेषा शेजारी-शेजारी मांडाव्यात. रेषा जवळ आल्या की चढ उभा, दूर गेल्या की पसरट. नियम एकच आहे. जहाज म्हणजे उलटा घातलेला डोंगर.

प्रमाण

जहाजाच्या तोफमजल्याची लांबी १५० फूट ४.५ इंच, म्हणजे सुमारे ४५.८ मीटर, जास्तीत जास्त रुंदी सुमारे १२.२ मीटर. शाळेसाठी १ : १०० हे प्रमाण घ्यावे. मीटरचा सेंटिमीटर झाला की हिशेब संपला. प्रतिकृती ४५.८ सेंटिमीटर लांब आणि १२.२ सेंटिमीटर रुंद होईल. अर्धी केली तर ६.१ सेंटिमीटर.

इंग्रजी आरमाराचे जुने आराखडे पाव इंचास एक फूट, म्हणजे १ : ४८ ह्या प्रमाणाचे असत. लंडनमधील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे आणि अनेक आराखड्यांच्या प्रतिमा आता संगणकावर पाहावयास मिळतात. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. छापलेल्या प्रतीवर ‘१ : ४८’ असे लिहिलेले असले, तरी त्यावर विसंबू नये. छापताना कागद लहानमोठा होतो, अक्षरे मात्र तीच राहतात. प्रतीवर तोफमजल्याची लांबी पट्टीने मोजावी आणि ४५.८ ला त्या संख्येने भागावे; जो भागाकार येईल त्याने प्रतीवरील प्रत्येक माप गुणावे. प्रतीवर ती लांबी ३०.५ सेंटिमीटर भरली, तर सर्व मापे दीडपट करावयाची. हे गणित मुलांकडूनच करवून घ्यावे. प्रमाण हे कागदावर लिहिलेले नसून मोजून काढावयाचे असते, ही गोष्ट नकाशाच्या तासालाही उपयोगी पडेल.

आणखी एक बारकावा हुशार मुलांसाठी. आराखड्यातील वक्र रेषा जहाजाच्या बरगड्यांच्या बाहेरील अंगाच्या असतात. त्यांवर ठोकलेल्या फळ्यांची जाडी त्यांत धरलेली नसते. दहा सेंटिमीटर जाडीची फळी आपल्या प्रमाणात एक मिलिमीटर होते, म्हणून आपण ती सोडून देतो.

मूळ आराखड्याची प्रत मिळेपर्यंत काम अडू नये म्हणून खाली दोन फळ्यांची मापे देत आहे. ती मूळ आराखड्यावरून जशीच्या तशी घेतलेली नाहीत. ह्या घाटास अनुसरून वर्गासाठी सोपी केलेली आहेत. नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढील टोकापासून, दर ५ सेंटिमीटरवर अर्धी रुंदी सेंटिमीटरमध्ये याप्रमाणे घ्यावी. तळापासून चौथी फळी, जी पाण्याच्या पातळीजवळ येते : ५ वर ४.२, १० वर ५.६, १५ वर ६.०, २० वर ६.१, २५ वर ६.१; ३० वर ६.०, ३५ वर ५.६, ४० वर ४.३. सर्वांत खालची फळी : ५ वर ०.९, १० वर २.६, १५ वर ३.६, २० वर ४.०; २५ वर ३.८, ३० वर ३.०, ३५ वर १.७, ४० वर ०.५. दोन्ही फळ्या टोकांशी निमुळत्या होतात. मधल्या फळ्यांची मापे ह्या दोहोंवरून मुलांनी स्वतः अदमासावीत.

मापे फळ्यावर लिहून वर्गास विचारावे की, खालची फळी पुढे अधिक रुंद आहे की मागे? टोकांपासून सारख्या अंतरावर पाहिले तर ती पुढे भरदार आहे, मागे झपाट्याने निमुळती होते. मासाही असाच असतो. डोके भरीव, शेपूट निमुळते. जहाजाच्या मागे सुकाणू असते. त्यावर पाणी भोवरे न करता सरळ यावे लागते, नाहीतर सुकाणू फिरवून जहाज वळत नाही. वर पाण्याच्या पातळीजवळ मात्र मागील भागालाही रुंदी ठेवावी लागते, कारण तेथे तोफांचे वजन पेलावयाचे असते.

कामटी खोटे बोलत नाही

मापांचे बिंदू कागदावर मांडून झाले की, ते पट्टीने जोडू नयेत. बांबूची एक कामटी दोन मिलिमीटरपर्यंत तासून घ्यावी. ती सर्वत्र सारख्या जाडीची व गाठी नसलेली असावी. प्रत्येक बिंदूपाशी टाचणी रोवून कामटी त्या टाचण्यांना टेकवून वाकवावी आणि तिच्या कडेने रेषा ओढावी. एखादे माप चुकलेले असेल, तर कामटी तेथे पोट काढते किंवा टाचणीपासून सुटते. चूक कोणत्या बिंदूची आहे हे शिक्षकाने सांगण्याचे कारण उरत नाही. उत्तरपत्रिकेवरील तांबड्या शाईपेक्षा हे तपासणे मुलांना किती निराळे वाटते, ते प्रत्यक्ष पाहावे.

जहाजाच्या कारखान्यातही हेच करीत, फरक आकाराचा. तेथे आराखड्यातील रेषा मोठ्या जमिनीवर खऱ्या मापाने आखून लांब लवचीक पट्ट्यांनी त्या सुरेख करून घेत आणि मग पातळ फळ्यांचे फर्मे कापीत. हे फर्मे घेऊन कारागीर लाकडांच्या राशीत हिंडत आणि ज्या खोडाचा नैसर्गिक बाक फर्म्याशी जुळेल तेच बरगडीसाठी निवडीत. कारण लाकडाचा तंतू वाकणीबरोबर गेला तर बरगडी चिरत नाही. आपल्याकडील सुतारही नांगरासाठी बाभळीचे बाकदार खोड असेच हेरून ठेवीत असे.

ह्या टप्प्यावर गावातील सुतारास शाळेत बोलवावे, आणि कामाला हात लावण्यासाठी नव्हे, तर आराखडा पाहण्यासाठी बोलवावे. कोकणच्या किनाऱ्यावर पुष्कळ मिस्त्रींनी कागदाची रेघही न ओढता मोठमोठ्या होड्या नजरेने उभ्या केल्या आहेत. त्यांच्या डोक्यात आराखडा नसतो असे नाही. तो कागदावर नसतो, इतकेच. ही विद्या कमी प्रतीची आहे असा ग्रह मुलांचा होऊ देऊ नये. मात्र ती ज्याच्याजवळ आहे त्याच्याबरोबर राहते आणि त्याच्याबरोबर जाते. ‘जावा’ जळाले तेव्हा दुसरी प्रत काढता आली, ती आकार कागदावर होता म्हणून.

लाकूडकाम

पूर्ण जहाज करण्याच्या भरीस पडू नये. अर्धी प्रतिकृती, म्हणजे जहाज उभे मधोमध चिरले असता एक कूस, पाटावर बसविलेली, हीच शाळेस योग्य. ती १० ते १२ तासिकांत होते आणि वर्ग दोन तुकड्यांत विभागल्यास दोन होतात.

लाकूड मऊ असावे. पांगारा किंवा सावर मिळाल्यास उत्तम. नाहीतर मालाच्या खोक्यांच्या देवदारी फळ्या चालतील. सागवान वापरू नये. मुलांच्या हातांना ते आवरत नाही आणि महागही पडते. १२ मिलिमीटर जाडीच्या, ४८ सेंटिमीटर लांब व ६.५ सेंटिमीटर रुंद अशा सहा फळ्या लागतात. हत्यारांत बारीक करवत, पटाशी, कानस, गुण्या आणि जाड-बारीक काचकागद पुरेत. पटाशी नेहमी अंगापासून दूर चालवावी व लाकूड शिकंज्यात धरावे; मांडीवर ठेवून कोरण्यास सक्त मनाई असावी. पटाशी मुलींच्या हाती देण्यास काही शिक्षक कचरतात. त्यास काही आधार नाही.

प्रत्येक फळीवर तिची वक्र रेषा आखून ती कापावी. फळीच्या वरच्या व खालच्या पृष्ठांपैकी ज्या पृष्ठावर जहाजाची रुंदी अधिक असेल, त्या मापाने कापावी, म्हणजे पुढे लाकूड उणे पडत नाही. सरळ कड सर्व फळ्यांची एका रेषेत येईल अशा रीतीने त्या एकावर एक सुताराच्या डिंकाने चिकटवाव्यात व रात्रभर वजनाखाली ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी तळ वर करून पाहिल्यास डोंगरउतारावरील पायऱ्यांच्या शेतीसारखा आकार दिसेल. दोन फळ्या जेथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यातून काळी पेन्सिल फिरवावी. हा कोपरा म्हणजेच आराखड्यातील रेषा. आता पुढे आलेले लाकूड पटाशीने, मग कानशीने उतरवावे आणि काळी रेघ पुसट होऊ लागली की थांबावे. रेघ नाहीशी झाली तर आराखडा ओलांडला. उत्साही मुले येथेच फसतात. गुळगुळीतपणाच्या मोहाने ती घाशीतच राहतात. त्यांच्या हातून कानस काढून घेऊन फर्मा द्यावा.

फर्मे आधीच करून ठेवावेत. तिसऱ्या चित्रातील प्रत्येक छेद पुठ्ठ्यावर उतरवून आतील भाग कापून टाकला की फर्मा झाला. ५, १०, १५ असे क्रमांक घालून तो त्या-त्या जागी लाकडाला लावावा आणि खिडकीकडे धरून पाहावे. फटीतून उजेड दिसला तेथे लाकूड कमी आहे. फर्मा टेकतच नसेल तेथे अधिक आहे. दुसऱ्या चित्रावरून फळ्या कापल्या आणि तिसऱ्या चित्रावरून तपासल्या. दोन्ही चित्रे एकाच वस्तूची होती याचा पुरावा आता हाताला लागतो.

तोफांच्या खिडक्या केवळ रंगाने दाखवाव्यात. तोफमजल्यावर २८ तोफा होत्या, म्हणून एका कुशीस १४ खिडक्या. पहिल्या खिडकीच्या मध्यापासून शेवटच्या मध्यापर्यंत ३९ सेंटिमीटर अंतर धरले, तर दोन खिडक्यांच्या मध्यांत अंतर किती? निम्मा वर्ग ३९ ला १४ ने भागतो. चौदा खिडक्यांमध्ये अंतरे तेराच असतात. उत्तर ३ सेंटिमीटर. शेताच्या कुंपणाचे खांब मोजताना हीच चूक होते.

डोलकाठ्या, आडव्या काठ्या आणि दोर यांविषयी येथे फार लिहीत नाही. अर्ध्या प्रतिकृतीस त्यांची आवश्यकता नाही. हौस असल्यास बांबूच्या तीन काड्या लावाव्यात, मधली सर्वांत उंच. प्रदर्शनासाठी म्हणून दोऱ्यांचे जाळे विणण्यात तासिका खर्ची घालू नयेत. जिल्ह्याच्या प्रदर्शनातून काचेच्या पेटीतील जहाजे पाहावयास मिळतात. शिडे, तोफा, शिड्या, सर्व काही. पैसे देऊन करवून घेतलेल्या अशा वस्तूखाली मुलांची नावे लिहिणे हे त्या मुलांना काय शिकविते, याचा विचार संबंधितांनी करावा.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक प्रश्न उरतो. लांबी शंभरपट लहान झाली, तर वजन किती पट? समजा खऱ्या जहाजाने १,५०० टन पाणी बाजूस सारले, तर पूर्ण प्रतिकृतीने किती सारावे? मुले घाईने १५ टन म्हणतात. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही शंभराने भागावयाच्या, म्हणजे एकूण दहा लाखांनी. उत्तर दीड किलोग्रॅम. हे फळ्यावर पटत नसेल, तर साबणाच्या वडीतून दर बाजूस निम्म्या मापाची वडी कापून तराजूत दाखवावी. आठ लहान वड्या एका मोठीच्या बरोबर भरतात.

काम पुरे झाल्यावर लाकडास एक हात तेल द्यावे. पाटावर डाव्या अंगाला प्रतिकृती बसवावी व उजव्या अंगाला तिची तीन चित्रे चिकटवावीत, म्हणजे येणाऱ्या मुलांना दोन्ही एकत्र पाहता येतील. खाली जहाजाचे नाव, ‘मुंबई, १८१७’, प्रमाण १ : १०० आणि काम केलेल्या सर्व मुलांची नावे असावीत. पुठ्ठ्याचे फर्मे टाकून देऊ नयेत. त्यांस भोक पाडून, क्रमाने दोऱ्यात ओवून ते वर्गातील खुंटीस टांगून ठेवावेत. पुढील वर्षीच्या वर्गास दुसरी कूस करावयाची झाल्यास तेच फर्मे उलटे करून चालतात.